जीमॅट वापरून पाहिलं : गोल न राहणारी कक्षा आणि ७५ अंश रेखांश

मी सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, राहायला मिरजेत आहे. अंतराळ हा काही माझा व्यवसाय नाही. तरी गेले पाच-सहा महिने रविवारची दुपार मी जीमॅट नावाच्या एका फुकट सॉफ्टवेअरपुढं काढतेय. शिक्षकांनी, बारावीनंतरच्या मुलांनी, आकाशाकडं नुसत्या कुतूहलानं बघणाऱ्यांनीही ते एकदा वापरून बघावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात द्राक्षांमुळं झाली. नोव्हेंबरात आभाळ भरून आलं की तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. बाग फुलोऱ्यात असते, एक पाऊस झाला तरी डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात. माझ्या वर्गात कवठेमहांकाळहून एसटीनं येणारी एक मुलगी आहे. त्या आठवड्यात तिचे वडील रात्री दोन-दोनदा उठून मोबाईलवर इन्सॅटचा ढगांचा फोटो बघत होते. वर्गात गुरुत्वाकर्षणाचा धडा चालू होता. तिनं हात वर केला.

"मॅडम, अर्ध्या तासानं नवा फोटो येतो. ढग सरकलेले असतात, पण भारत जिथल्या तिथं असतो. त्या उपग्रहाला तिथं धरून कोण ठेवतं?"

मी फळ्यावर नेहमीची आकृती काढली. गोल पृथ्वी, तिच्याभोवती गोल कक्षा, क्रिटिकल व्हेलॉसिटीचं सूत्र, चोवीस तासांचा हिशेब.

"म्हणजे एकदा सोडला की कायमचा तिथंच?"

"हो, जवळजवळ," असं म्हणून मी पुढचं उदाहरण घेतलं. तास संपला. पण त्या 'जवळजवळ'नं मला घरी पोचेपर्यंत सोडलं नाही. कारण सूत्रातली पृथ्वी पूर्ण गोल आहे आणि आपली पृथ्वी तशी नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवाकडं ६३५७. एकवीस किलोमीटरचा फरक. त्यात आत कुठं जड खडक, कुठं हलका, कुठं फुगवटा, कुठं खळगा. एवढ्या असमान ओढीत फिरणाऱ्या उपग्रहाची कक्षा गोल राहीलच कशी? आणि राहत नसेल तर तिचं नेमकं काय होतं? वीस वर्षं शिकवून हे मी स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

शोधता शोधता जीमॅट सापडलं. नासाच्या गॉडर्ड केंद्रानं पुढाकार घेऊन तयार केलेलं, मोहिमांचं गणित मांडायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, त्याचा कोडही सगळ्यांना खुला आहे. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, आणि हे आमच्यासारख्यांना फार सोयीचं. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवरसुद्धा चाललं, फक्त त्रिमितीचं चित्र बंद ठेवावं लागलं. ते चालू ठेवून शंभर दिवसांची कक्षा काढायला लावली की पडद्यावर दोऱ्याचा गुंडा तयार होतो आणि मशीन दमतं. आलेख तेवढे घ्यायचे, आकडे फाईलमध्ये काढून स्प्रेडशीटमध्ये उघडायचे. चहा होईपर्यंत काम झालेलं असतं.

उघडल्या उघडल्या आत एक उपग्रह तयारच असतो. त्याच्या कक्षेची अर्धी लांबी दिसते ७१९१.९३८८१७६२९०१३ किलोमीटर. दशांशचिन्हापुढं बारा घरं! मी त्या आकड्याकडं बराच वेळ बघत बसले. पण खरा खजिना वेगळ्या खिडकीत आहे. प्रोपगेटर नावाच्या त्या खिडकीत पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचं मॉडेल निवडता येतं (जेजीएम-२, जेजीएम-३, ईजीएम-९६), आणि त्याच्या शेजारी दोन छोटी चौकटं आहेत, डिग्री आणि ऑर्डर. हे सगळं परीक्षण म्हणजे खरं तर त्या दोन चौकटींचंच आहे.

पृथ्वीचा वाकडेपणा एकदम मांडता येत नाही, तो थराथरानं मांडतात. डिग्री शून्य म्हणजे गुळगुळीत गोल पृथ्वी, पुस्तकातली. डिग्री २ केली की विषुववृत्तावरचा फुगवटा आला. ३ केली की उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतला फरक आला. ऑर्डर शून्यावरून वाढवली की पूर्व-पश्चिम दिशेचा असमानपणाही येतो. म्हणजे एकेक दोष आपल्या हातानं चालू-बंद करता येतो. प्रयोगशाळेत आपण एक चल बदलून बाकीचे स्थिर ठेवतो, तसं इथं अख्ख्या पृथ्वीच्या बाबतीत करता येतं. हवेचा अडथळा, सूर्य, चंद्र हे सगळं बंद ठेवता येतं. दुसऱ्या कुठल्या साधनात हे इतकं सरळ हाताशी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

पहिला प्रयोग मी हरिपूरच्या आठवणीवरून केला. दोन वर्षांपूर्वी थंडीत मुलांना घेऊन आम्ही कृष्णा-वारणेच्या संगमावर स्पेस स्टेशन बघायला जायचो. वेळा वहीत लिहून ठेवल्या होत्या. संध्याकाळच्या फेऱ्या दिवसागणिक लवकर व्हायच्या, मग उजेडात जाऊन दिसेनाशा व्हायच्या, आणि साधारण दोन महिन्यांनी पुन्हा त्याच वेळेला यायच्या. मुलांना मी "कक्षा फिरते" एवढंच सांगितलं होतं.

आता जीमॅटमध्ये ४२० किलोमीटर उंची आणि कक्षेचा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कल दिला. पृथ्वी पूर्ण गोल ठेवली तर कक्षेचा पातबिंदू, म्हणजे कक्षा विषुववृत्ताला खालून वर जाताना छेदते ती जागा, आलेखावर सपाट रेघ. दिवसामागून दिवस, तसूभर हलत नाही. डिग्री २ केली आणि पुन्हा चालवलं. रेघ तिरकी झाली, रोज जवळपास ५ अंश पश्चिमेला. कारण समजायला अवघड नाही. फुगवटा तिरप्या कक्षेला विषुववृत्ताकडं ओढतो, पण उपग्रह फिरता असल्यामुळं कक्षा खाली न पडता भोवऱ्यासारखी डोलत फिरते. पंचांगातले राहू-केतू हे असेच चंद्राच्या कक्षेचे पातबिंदू, तेही मागं सरकतात, फक्त तिथं ओढ सूर्याची आणि फेरीला १८.६ वर्षं. स्पेस स्टेशनचा राहू ७३ दिवसांत फेरी पुरी करतो! त्यात सूर्याचं रोजचं एक अंश पूर्वेला सरकणं मिळवलं की सहा अंश होतात, म्हणजे दिवसाला साधारण २४ मिनिटं, म्हणजे साठ दिवसांचं चक्र. वहीतलं आमचं दोन महिन्यांचं चक्र जुळलं. पृथ्वी पूर्ण गोल असती तर फेऱ्या दिवसाला फक्त चारच मिनिटं सरकल्या असत्या. म्हणजे हरिपूरच्या घाटावर उभं राहून, मनगटावरच्या घड्याळानं, आम्ही पृथ्वीचा चपटेपणा मोजत होतो आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. हे मुलांना दाखवलं त्या दिवशी वर्गात जी शांतता झाली ती मी विसरणार नाही.

याच गुणाचा उपयोग करून घेतात ते सूर्याच्या जोडीनं चालणाऱ्या उपग्रहांत. ७००० किलोमीटर त्रिज्येची कक्षा, कल ९८ अंश, म्हणजे ध्रुवांवरून जरा उलटी. माझ्या मुलांनी चालवून बघितलं तर पातबिंदू रोज १.०० अंश पूर्वेला. सूर्याच्या चालीला हवे ०.९८५६. मग त्यांनी कल कमी-जास्त करत ९७.९ च्या जवळ आणला आणि जुळलं. इंधनाचा थेंबही न जाळता कक्षा वर्षभर सूर्याच्या मागं राहते, प्रत्येक गावावरून उपग्रह ठरलेल्या स्थानिक वेळीच जातो, सावल्या रोज सारख्या पडतात. १९८८ च्या आपल्या आयआरएस-१ए पासून ३० जुलै २०२५ ला गेलेल्या निसारपर्यंत, आपले जमीन बघणारे कितीतरी उपग्रह याच युक्तीवर चालतात. फुगवटा नसता तर ही सोयही नसती.

आता अडचणीची गोष्ट सांगते, कारण इथं नवा माणूस हमखास अडकतो आणि मी आठवडाभर अडकले होते.

मी उपग्रहाला पूर्ण गोल कक्षा दिली. लंबगोलपणा शून्य. डिग्री २. चालवलं. पाव फेरी, म्हणजे पंचवीस मिनिटंही झाली नाहीत तोवर लंबगोलपणा शून्यावरून ०.००१ च्या पुढं गेला होता. कक्षेची अर्धी लांबी तर प्रत्येक फेरीत दोनदा अठरा किलोमीटर वर-खाली होत होती. मला वाटलं माझंच काहीतरी भरताना चुकलं. सगळं पुसून पुन्हा भरलं. पुन्हा तेच. मग सुचलं की त्या आकड्यांवर विश्वास न ठेवता उपग्रहाचं पृथ्वीच्या केंद्रापासूनचं खरं अंतर बघावं. ते मागवलं तर एका फेरीतली डुलकी जेमतेम काही किलोमीटरची!

मग एक आकडा अठरा आणि दुसरा एवढा लहान, असं का? उत्तर असं, की जीमॅट दाखवतं ती त्या क्षणाची कक्षा. या क्षणी फुगवटा अचानक नाहीसा झाला तर उपग्रह पुढं कुठल्या लंबगोलावर जाईल, त्याची ती मापं. फुगवटा नाहीसा होत नाही, त्यामुळं दर क्षणाला तो कल्पित लंबगोल वेगळा असतो, आणि उपग्रह त्यांतल्या एकाही लंबगोलावरून अख्खी फेरी मारत नाही. जवळजवळ गोल कक्षेत हा गोंधळ सगळ्यात जास्त, कारण मुळातला लंबगोलपणाच हजारांशाच्या घरातला आणि फुगवट्यानं येणारी थरथरही हजारांशाच्या घरातली. उपभू, म्हणजे सगळ्यात जवळचा बिंदू, नक्की कुठं आहे हे विचारण्यातही मग अर्थ राहत नाही. दर फेरीत तो इकडून तिकडं उड्या मारतो.

यावर जीमॅटमध्येच उपाय आहे, पण तो शोधावा लागतो. कक्षेची मापं कुठल्या प्रकारात हवीत ते निवडायच्या यादीत खाली ब्रॉवर-मीन असे दोन पर्याय आहेत. डर्क ब्रॉवर यांनी १९५९ साली ही थरथर गाळून सरासरी कक्षा काढायची पद्धत दिली. त्याच वर्षी कोझाई यांनीही हाच प्रश्न सोडवला. ब्रॉवरची मापं घेतली की आलेख शांत होतो, जसं ढवळलेलं पाणी निवळावं. मग दिसतं की पृथ्वीचा फुगवटा कक्षेची सरासरी लांबी बदलत नाही, कलही बदलत नाही. तो फक्त कक्षा फिरवतो. माझी एकच मागणी आहे. उपग्रहाची मापं भरायच्या खिडकीत "हे आकडे या क्षणापुरते आहेत" अशी एक ओळ ठळक लिहायला हवी. मदतीची पानं भरपूर आहेत आणि चांगली आहेत, पण ती ज्याला विषय आधीच येतो त्याच्यासाठी लिहिलेली आहेत. ब्रॉवरची मापं फक्त पृथ्वीसाठीच चालतात हेही लक्षात ठेवायचं. चंद्रासाठी सरासरी आपली आपण काढावी लागते.

थरथर निवळल्यावर मी डिग्री ३ केली. हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग.

मिरजेत आमच्या घरापासून चार पावलांवर सतार-तंबोरे करणाऱ्यांची दुकानं आहेत. दारात भोपळे टांगलेले असतात. त्यातला चिरलेला, टाकून द्यायचा एक भोपळा मी मागून आणला आणि वर्गात टेबलावर ठेवला. देठाकडं निमुळता, बुडाकडं जड. पृथ्वी इतकी वेडीवाकडी नाही, पण तिच्यात या भोपळ्याचा एक अंश आहे. उत्तर ध्रुवाकडं ती दहा-वीस मीटर उचललेली आणि दक्षिणेकडं तेवढीच दबलेली. हे कळलं तेही एका उपग्रहामुळं. १७ मार्च १९५८ ला सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ चा लंबगोलपणा उपभूच्या फिरण्याबरोबर कमी-जास्त होताना दिसला, आणि १९५९ मध्ये ओ'कीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून पृथ्वीचा हा आकार सांगितला. तो इवलासा उपग्रह अजून वर फिरतोय.

फुगवट्याच्या मानानं हा दोष चारशेपट लहान आहे. मग त्याकडं बघायचं कशाला? तर गोल कक्षेसाठी. त्याच ७००० किलोमीटरच्या, ९८ अंशांच्या कक्षेत डिग्री २ असताना सरासरी लंबगोलपणा दिला तेवढाच राहिला. डिग्री ३ करून चार महिने चालवलं, तर तो हळूहळू वाढत ०.००२ च्या थोडा पुढं गेला, मग तसाच उतरत परत आला. पूर्ण चक्राला सुमारे १११ दिवस, म्हणजे उपभूला एक फेरी घ्यायला लागतात तेवढेच. ०.००२ ऐकायला काहीच नाही, पण ७००० किलोमीटरवर त्याचा अर्थ होतो उपभू आणि अपभू (सगळ्यात लांबचा बिंदू) यांच्या उंचीत तीसेक किलोमीटरचा फरक. गोल सोडलेली कक्षा दीड-दोन महिन्यांत तीस किलोमीटरनं वाकडी होते, कुणी हातही न लावता.

आणि मग एक सुंदर गोष्ट. सुरुवातीलाच लंबगोलपणा ०.००१ च्या आसपास ठेवायचा आणि उपभू कक्षेच्या उत्तर टोकाला, म्हणजे ९० अंशांवर ठेवायचा. सरासरी मापांतच द्यायचं बरं का, नाहीतर जमत नाही. आता फुगवटा उपभूला एका बाजूला फिरवायला बघतो, भोपळ्याचा आकार बरोबर तेवढंच उलट ढकलतो, आणि दोघं एकमेकांना खोडून काढतात. उपभू जागचा हलत नाही, लंबगोलपणा बदलत नाही. आलेखावर दोन सपाट रेघा. याला गोठलेली कक्षा म्हणतात. १९९२ साली समुद्राची उंची मोजायला सोडलेला टोपेक्स-पोसायडन अशाच कक्षेत होता, १३३६ किलोमीटरवर. उंची मोजणाऱ्या उपग्रहाची स्वतःची उंची दर फेरीत त्याच अक्षांशावर तीच हवी, तर दुसरा मार्ग नाही. खरी टिकाऊ गोल कक्षा ही पूर्ण गोल नसतेच, तिला पृथ्वीच्या वाकडेपणाएवढा नेमका बाक द्यावा लागतो. तंबोऱ्याच्या घोडीवर सूत सरकवत जव्हारी लावताना कारागीर जसा केसाएवढी हालचाल करतो, तसं मी त्या संध्याकाळी चौथ्या दशांशात आकडे हलवत बसले होते. मधेच लाईट गेली, सगळं पुन्हा करावं लागलं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

चंद्राचं थोडक्यात सांगते. जीमॅटमध्ये चंद्राचं एलपी-१६५-पी नावाचं मॉडेल येतं, ते लूनर प्रॉस्पेक्टर यानाच्या मोजमापांवर उभं आहे. चंद्रावर हवा नाही, तेव्हा खालची कक्षा कायम टिकेल असं कुणालाही वाटेल. पण तिथं लाव्हानं भरलेल्या मोठ्या विवरांखाली जड वस्तुमान दडलेलं आहे, नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या मुलर आणि शोग्रेन यांनी १९६८ मध्ये ते शोधलं. अपोलो-१६ नं एप्रिल १९७२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह जेमतेम पस्तीस दिवसांत चंद्रावर आदळला तो यामुळंच. डिग्री २ वर ठेवलं तर अशी कक्षा छान शांत दिसते, ५० वर नेलं की काही आठवड्यांतच उंचीची खालची रेघ जमिनीकडं सरकायला लागते. कल बदलला की मात्र वागणं बदलतं. २७, ५०, ७६ आणि ८६ अंशांजवळ खालच्या कक्षाही बराच काळ तग धरतात. आपलं चांद्रयान-१ ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत होतं, ऑगस्ट २००९ मध्ये संपर्क तुटला तेव्हा २०० किलोमीटरवर. सात वर्षांनी जमिनीवरच्या रडारनं ते शोधलं तेव्हा ते कक्षेत अपेक्षेपेक्षा जवळपास अर्धी फेरी पुढं-मागं होतं, पण कक्षेचा आकार आणि दिशा अंदाजाप्रमाणंच होती. एवढ्या गचक्यांच्या रस्त्यावर सात वर्षं कुणी सुकाणू न धरता! हे वाचून दाखवताना माझाच आवाज भरून आला होता.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं. ३६ हजार किलोमीटरवरच्या स्थिर उपग्रहाला सगळ्यात जास्त जाणवतो तो ऑर्डर २ चा दोष. विषुववृत्तसुद्धा वर्तुळ नाही. ते किंचित लंबगोल आहे, लांब आणि आखूड त्रिज्यांत फक्त सत्तर मीटरचा फरक. लांब बाजू एकीकडं अटलांटिकात १५ अंश पश्चिमेला आणि समोर पॅसिफिकात १६५ अंश पूर्वेला. इतक्या लांबून सत्तर मीटर काय जाणवणार? पण हा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, त्यामुळं तो दोष रोज त्याच बाजूनं, त्याच दिशेला ओढत राहतो. थेंब थेंब साठत जातं.

शेतातल्या डिशचं उदाहरण घेतलं, कारण ते सगळ्यांच्या घरी आहे. डीडी फ्री डिश ज्याच्यावरून येतं तो जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. आम्ही त्या जागी एक उपग्रह ठेवला, इंजिन नाही, गुरुत्वाकर्षण ४ बाय ४ (डिग्री ४, ऑर्डर ४), आणि तीन वर्षं चालवलं. पॅसिफिकातला फुगवटा त्याला पूर्वेला, म्हणजे पुढं ओढतो. वर्गातल्या सगळ्यांनी सांगितलं, मॅडम, तो पूर्वेला जाणार. आलेखावर तो आधी किंचित पूर्वेला गेला, थांबला, आणि मग पश्चिमेला निघाला. पुढं ओढलं की त्याला ऊर्जा मिळते, ऊर्जा मिळाली की कक्षा वर चढते, वरच्या कक्षेत फेरीला वेळ जास्त लागतो, म्हणून तो पृथ्वीच्या मागं पडतो. पुढं ओढावं आणि मागं जावं! मुलांनी हे दोनदा, तीनदा चालवून बघितलं. आठेक महिन्यांनी तो ७५ अंश ओलांडून गेला, साडेचौदा महिन्यांनी ५६-५७ च्या आसपास थांबला आणि परत फिरला. घड्याळाच्या लंबकासारखा, पण एक झोका सव्वादोन वर्षांच्या वरचा. खरा जीसॅट-१५ असा वाहत जात नाही, त्याला जागेवर ठेवायला अधूनमधून इंजिनं चालवावी लागतात. पूर्व-पश्चिमेच्या या दुरुस्तीला वर्षाला फार तर दोन मीटर प्रति सेकंद एवढा वेगबदल लागतो. थोडाच, पण दर वर्षी.

झोक्याचा मध्य येतो ७५.१ अंश पूर्वेला. मी नकाशा पसरला. सांगली ७४.६. म्हणजे आपल्या रेखांशाला अगदी लागून, सरळ दक्षिणेला विषुववृत्तावर उतरलं की त्याच्या वर ती जागा. पृथ्वीभोवतीच्या त्या अख्ख्या कड्यात अशा दोनच जागा आहेत, दुसरी पॅसिफिकात १०५ अंश पश्चिमेला. आणि शेतकरी ज्याचे फोटो बघतात तो इन्सॅट-३डीआर आहे ७४ अंशांवर.

त्या मुलीनं स्वतः ७४ भरलं आणि तीन वर्षं चालवलं. उपग्रह ७१ ते ७९ च्या मधेच घुटमळत राहिला, बाहेर गेलाच नाही.

"म्हणजे तिथं त्याला पृथ्वीच धरून ठेवते की," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. या वेळी 'जवळजवळ' म्हणावं लागलं नाही. फक्त एवढं जोडलं की सूर्य-चंद्राची ओढ त्याला उत्तर-दक्षिण डोलवते, ती वेगळी, आणि तिच्यासाठी इंधन याहून कितीतरी जास्त लागतं.

मग कुणी घ्यावं हे? ज्याला उपग्रह डोक्यावरून कधी जाईल एवढंच बघायचंय त्याला मोबाईलवरची साधी ॲप पुरतात, त्यानं या वाटेला जाऊ नये. ज्याला "का" विचारायचंय त्यानं मात्र दोन रविवार राखून ठेवावेत. पहिला नुसता खिडक्या ओळखण्यात जातो. मापं किलोमीटर, अंश आणि सेकंदांत, महिन्यांची नावं इंग्रजीत, मराठी कुठं नाही. मी मुलांसाठी चार पानांची मराठी टिपणं केली आहेत, त्यांत पहिलीच ओळ "आधी हवा बंद, सूर्य बंद, चंद्र बंद, मग डिग्री एकेक पायरी वर" अशी आहे. काम करताना दर थोड्या वेळानं जतन करत राहा. मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो त्या क्षणापुरत्या आकड्यांच्या इशाऱ्यासाठी, कारण हुशार मुलंही तिथं स्वतःवरचा विश्वास घालवून बसतात आणि ते मला बघवत नाही.

परवा लॅब बंद करताना ती मुलगी थांबली. ७५ अंश जर झोक्याचा तळ असेल तर माथा कुठं, असं विचारत होती. ११.५ अंश पश्चिमेला एक आहे. येत्या रविवारी ती तिथं बरोबर माथ्यावर उपग्रह ठेवून सोडणार आहे. ब्राझीलच्या बाजूला घसरतो की आपल्या, ते बघायचंय.